रुळाकाठचे घर सोडताना

कोल्हापूर हे रेल्वेचे शेवटचे स्टेशन. मिरजेहून आलेले रूळ इथे येऊन संपतात, पुढे गाडी जात नाही. लहानपणी मला वाटायचे की साऱ्या जगातल्या गाड्या आमच्या घरापाशी येण्यासाठीच निघतात. आमचे घर परीख पुलापासून फार लांब नव्हते. दोन खोल्या, वर कौले आणि दाराशी एक शेवग्याचे झाड. रात्री इंजिनाने शिट्टी दिली की मांडणीवरची भांडी थरथरत. वस्तीला आलेले पाहुणे दचकून उठून बसायचे. आम्ही मात्र शिट्टी झाली नाही म्हणजे जागे व्हायचो.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, पुढे की-मन झाले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. की-मनचे काम वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी आणि पिशवीत धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. ढिली झालेली चावी ठोकून घट्ट करायची, निसटलेला बोल्ट आवळायचा, कुठे रूळ तडकला असेल तर गाडी थांबवायची. ऊन, पाऊस, थंडी काही असो, चालणे चुकत नसे. दादांना लिहिता-वाचता बेताचेच येई, पण रुळावर हातोडा मारला की आवाजावरून ते सांगत, इथे काही तरी बिघडले आहे.

एकदा उन्हाळ्यात मी त्यांची भाकरी घेऊन गेलो होतो. दोन रुळांच्या सांध्यात फट दिसली म्हणून मी घाबरून विचारले, "दादा, हितं रूळ तुटलाय?"

दादा हसले. म्हणाले, "तुटला न्हाई बाळ. रूळ उन्हात वाढतोय. त्याला वाढायला जागा ठेवावी लागती. जागा न्हाई ठेवली तर त्यो वाकतोय, मग गाडी पडती."

हे वाक्य पुढे माझ्या संसारात किती वेळा उपयोगी पडेल याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.

दादांना आमच्या रेल्वेचा मोठा अभिमान होता. कोल्हापूर-मिरज हा सुमारे ४८ किलोमीटरचा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. महाराज तेव्हा कोवळ्या वयाचे होते. १८९१ साली गाडी सुरू झाली. दादा बोट वर करून सांगत, "ज्या साली बाबासाहेब जन्मले, त्याच साली कोल्हापूरला गाडी आली. ध्यानात ठेव." गाडी रुकडीला आली की ते हटकून माणगावच्या दिशेने पाहत. १९२० सालच्या मार्च महिन्यात माणगावला परिषद भरली आणि हाच तुमचा पुढारी असे शाहू महाराजांनी तरुण बाबासाहेबांविषयी तिथे सांगितले. हा इतिहास मी शाळेत नव्हे, पॅसेंजर गाडीच्या खिडकीत बसून शिकलो.

अशा घरात वाढलेल्या पोराला रेल्वेचे वेड लागले तर नवल नाही. माझा जन्म १९५८ चा. मला आठवते ती रेल्वे मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. मुंबईला जायचे तर पुण्याला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत बसावे लागे. १९७१ साली पुण्यापासून मिरज-कोल्हापूरपर्यंत रुंद रूळ झाला आणि मुंबईची गाडी थेट कोल्हापूरला येऊ लागली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. ते काम चालू असताना दादा रात्र रात्र घरी येत नसत. आई भाकरी बांधून द्यायची आणि मी ती पोचवायचो. काळे, धूर ओकणारे इंजिन जाऊन डिझेल आले तेव्हा सगळे हरखले. मी मात्र घरी येऊन रडलो होतो.

मी दादांच्या जागी रेल्वेत लागावे असे घरात सर्वांना वाटे. तसे झाले नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी मोल्डर म्हणून लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. दिवसभर काळी माती, भट्टीची धग आणि वितळलेले बीड. पण पाळी सुटली की पाय आपोआप स्टेशनकडे वळत. फलाटाचे तिकीट रोज काढणे परवडत नसे, म्हणून मी कुंपणाबाहेर एका दगडावर बसे. कुठली गाडी आली, किती वाजता आली, कितव्या नंबरचे इंजिन होते, किती डबे होते, हे सारे दोनशे पानी वहीत लिहून ठेवी. अशा चार वह्या भरल्या. हमाल, सफाईवाले, चहावाले सगळे ओळखू लागले. दुरूनच "जयभीम, आज कोयना वेळेवर हाय बघा," असे सांगत.

सुट्टी असली की मी मिरजेला जाई. मिरजेइतकी मजा कुठेच नव्हती. १९७१ पासून १९९० च्या दशकापर्यंत तिथे तीन प्रकारचे रूळ एकाच स्टेशनात दिसत. पुणे-कोल्हापूरचा रुंद, बेळगावकडे जाणारा मीटर गेजचा आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा अडीच फुटी अरुंद. अरुंद रुळावरच्या त्या छोट्या गाडीला बार्शी लाइट रेल्वे म्हणत. एका फलाटावर थोरला भाऊ, दुसऱ्यावर मधला आणि तिसऱ्यावर धाकटा उभा असावा तशा त्या गाड्या वाटत. आता सगळीकडे रुंद रूळ झाला, ते तीन भाऊ एकत्र दिसत नाहीत.

मला गाडीइतकेच वेड फलाटावरच्या माणसांचेही होते. सकाळी मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस आली की घ्यायला आलेल्यांची गर्दी होई. माहेरवाशिणीला घ्यायला भाऊ, गिरणीतून सुट्टीवर आलेल्याला घ्यायला त्याची पोरे. मी त्यांच्याकडे पाहत राही. एखादे म्हातारे जोडपे गोंधळून उभे असेल आणि त्यांना घ्यायला कोणी आलेले नसेल तर मी पुढे होऊन त्यांचे गाठोडे उचले, एसटी स्टँड दाखवी. मला वाटे, आपण हे एक बरे काम करतो आहोत.

घरी मात्र पत्नीचे मत वेगळे होते. ती म्हणायची, "तुमच्या बापानं रूळ सांभाळलं, तुम्ही गाड्या सांभाळताय आन् घर मी सांभाळतीया." मी हसण्यावारी नेई. पण त्यातले खरे किती होते ते आता सांगतो.

सन २००० चा मार्च महिना. थोरल्याचा दहावीचा पहिला पेपर. परीक्षेचे केंद्र घरापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर. घरात सायकल एकच, तीही माझी. "मी तुला दहा वाजता सोडतो," असे मी आदल्या रात्री कबूल केले होते. सकाळी एका हमालाकडून कळले की लांबची एक खास गाडी येणार आहे. मनात म्हटले, गाडी बघून साडेनऊला परत येऊ. गाडी आली नाही. आता येईल, मग येईल करत मी थांबलो. कोणी मला धरून ठेवले नव्हते. माझा मीच थांबलो. घरी आलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. दारात पत्नी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "गेला त्यो. धावत गेला."

पोरगा दहा मिनिटे उशिरा पोचला. त्याला आत घेतले, पेपर झाला, पुढे तो पासही झाला. आयटीआय करून फिटर झाला. पण त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही आणि मीही कधी विचारले नाही. पंचेचाळीस किलोमीटरवरून गाडी किती मिनिटांत येईल हे मला तोंडपाठ होते. माझ्याच घरातल्या वेळा मात्र मला ठाऊक नव्हत्या.

मी निवृत्त झाल्यावर पत्नीने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा दीक्षाभूमी एक्सप्रेस सुटते. ती नागपूरवरून, पुढे गयेवरून धनबादला जाते. पत्नी म्हणाली, "ह्या गाडीचं नाव तुम्ही वहीत किती वेळा लिहिलंसा. एकदा तिच्यात बसवा की मला." मिळालेल्या पैशातून आम्ही दोघे त्या गाडीने गयेला गेलो आणि बुद्धगयेचे दर्शन घेतले. वाटेत नागपूर आले तेव्हा तिने खिडकीतून हात जोडले. त्या प्रवासात मी वही काढली तर ती म्हणाली, "आज गाडीचं न्हाई, माझं लिवा." मी लिहिले, "आज दोघे बरोबर." त्या वहीतली इंजिनाचा नंबर नसलेली ती एकच ओळ आहे.

नंतर २०२० चा मार्च आला आणि कोरोनाने देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. आमच्या घरात शांतता पसरली. मांडणीवरची भांडी थरथरेनात. मला रात्री झोप लागत नसे. तेव्हा प्रथम जाणवले की रूळ तसेच आहेत, स्टेशन तसेच आहे, पण माणसे येत-जात नाहीत तर रेल्वे म्हणजे नुसते लोखंड आहे.

थोरला पुण्याकडे एका कारखान्यात लागला होता. कर्ज काढून त्याने देहूरोडजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. "आबा, आई, तुम्ही आता इकडेच या," असे तो दरवर्षी म्हणे आणि मी काही ना काही कारण काढी. धाकटी लेक जयसिंगपूरला दिली आहे, ती जवळ आहे. शेवगा कोण बघणार? पाणीपट्टी कोण भरणार? खरे कारण सर्वांना ठाऊक होते. पत्नी तर उघडच म्हणे, "ह्यांचा जीव त्या दगडावर बसलाय."

२०२३ च्या बुद्ध पौर्णिमेला थोरला बायको-मुलाला घेऊन आला. विहारातली वंदना आटोपून, खीर खाऊन आम्ही दोघे संध्याकाळी स्टेशनकडे चालत गेलो. तो माझ्या शेजारी, त्याच दगडापाशी बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, माझा दहावीचा पहिला पेपर आठवतोय?"

माझ्या छातीत धस्स झाले. म्हटले, "आठवतोय."

"मला उशीर झाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मी पोचलो तर फाटक बंद होत होतं. बाहेर सगळ्यांची आई-बाप उभी होती. माझं कोण नव्हतं. तेवढंच मनात राहिलं." तो थांबला. मग म्हणाला, "आता जूनपासून हिला दवाखान्यात नोकरी लागतीय. माझी पाळी बदलत राहणार. पोरगा पहिलीत जाणार. पैसे दिले तर त्याला आणायला माणूस मिळंल. पण आबा, फाटकाशी तुम्ही पाहिजे."

इतकी वर्षे मी समजत होतो की मुलगा आम्हाला सांभाळण्यासाठी बोलावतो आहे. म्हणून माझा मान आडवा येत होता. त्याला माझी गरज आहे असे तो म्हणाला आणि माझ्याकडची सगळी कारणे संपली. समोरून गाडी आली. तिचा नंबर मी पाहिला नाही.

आवराआवर सुरू झाली. दोन खोल्यांत इतके सामान असेल असे वाटले नव्हते. मी वह्या रद्दीत टाकायला काढल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांचे नंबर कोणाच्या कामाचे? पत्नीने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, जुन्या लुगड्यात बांधल्या आणि ट्रंकेत सर्वांत खाली, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवल्या. त्यावर पातेली ठेवली. म्हणाली, "माझं आयुष्य गेलंय ह्यांच्यात. मी टाकू देणार न्हाई."

मोठे सामान टेम्पोने गेले. आम्ही कोयना एक्सप्रेसने निघालो. थोरला आणि नातू आम्हाला न्यायला आले होते. पन्नास वर्षे मी ज्या फलाटावर लोकांना निरोप देताना पाहत आलो, त्या फलाटावर त्या सकाळी मीच डब्यात होतो. ओळखीचे दोन हमाल आणि चहावाला खिडकीशी आले. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. गाडी हलली आणि कुंपणाबाहेरचा तो दगड मागे गेला. त्यावर एक अनोळखी पोरगा बसला होता.

जयसिंगपूरला लेक फलाटावर उभी होती. गाडी थांबते दोन मिनिटे. तिने खिडकीतून भाकरी, झुणका आणि ठेच्याचे गाठोडे आत दिले. काय बोलावे ते तिला सुचेना आणि मलाही सुचेना. शेवटी ती म्हणाली, "आबा, रोज फोन करायचा." मी म्हटले, "करतो." गाडी सुटली तशी ती थोडी चालत आली, मग थांबली. पत्नीने पदर डोळ्याला लावला. नातवाने विचारले, "आजी, आत्या आपल्याबरोबर का नाही आली?" कोणी उत्तर दिले नाही. पुढे कृष्णेचा पूल आला आणि तो पाणी बघण्यात रमला.

कराड मागे पडले. थोड्या वेळाने मसूरची पाटी दिसली. मी नातवाला मांडीवर घेतले. म्हटले, "बाळा, ह्या स्टेशनावर एकदा बाबासाहेब उतरले होते. तुझ्याहून थोडे मोठे होते." साल १९०१ चे. बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी पोरेपोरेच वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाली होती. नवे कपडे, नव्या टोप्या. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूरला उतरली तेव्हा सारे उतारू काही मिनिटांत निघून गेले आणि ही पोरे फलाटावर उभीच राहिली. पत्राचा घोळ झाला होता, वडिलांना ती येणार हे कळलेच नव्हते. घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट पैसे दिले तरी नेईनात. शेवटी एक जण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर त्या पोरांना पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

नातवाने सगळे नीट ऐकले. मग विचारले, "आबा, त्यांना घ्यायला कोणीच का आलं नाही?"

तो जातीबद्दल विचारील असे मला वाटले होते. ते तो पुढे विचारीलच आणि मला सांगावेच लागेल. पण त्या दिवशी लहान मुलाला आधी बोचले ते हे, की फलाटावर घ्यायला कोणी नव्हते. समोरच्या बाकावर थोरला बसला होता. तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

पुण्याला उतरून लोणावळ्याची लोकल धरली आणि देहूरोडला आलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली ते हे गाव. पहिल्याच रविवारी सगळे तिथे जाऊन आलो. परके वाटणार नाही अशी एक तरी जागा मिळाली.

बाकी सुरुवातीला जड गेले. स्टेशन जवळ आहे, गाड्याही कोल्हापूरपेक्षा किती तरी जास्त. मुंबई-पुण्याचा रस्ता तो! थोरल्याला वाटले आबा खूश होतील. पण इथे मोठ्या गाड्या थांबत नाहीत. वाऱ्यासारख्या येतात आणि धूळ उडवून जातात. थांबते ती लोकल. शेवटच्या स्टेशनात वाढलेल्या माणसाला हे रुचत नाही. आमच्याकडे आलेली प्रत्येक गाडी थांबायचीच, कारण तिला पुढे जायला वाटच नव्हती.

घरातही सांधे जुळायला वेळ लागला. सुनेची कामाची रीत वेगळी, पत्नीची वेगळी. डाळीत फोडणी आधी की मागाहून, इतक्यावरून दोघी गप्प होत. एकदा मी मध्ये बोलायला गेलो तर पत्नीच म्हणाली, "तुम्ही गप बसा. मामंजी काय म्हणायचं? रुळात फट ठेवाया लागती. तिला तिच्या परीनं करू द्या." दादांचे वाक्य मी तिला लग्नानंतर कधी तरी सांगितले असणार. मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. आता सोमवार ते शनिवार स्वयंपाक सुनेच्या मर्जीचा, रविवारी पत्नीचा. दोघी एकमेकींच्या दिवशी ढवळाढवळ करत नाहीत. गाडी नीट चालली आहे.

नातवाची शाळा सकाळची, दुपारी बाराला सुटते. आणि बाराच्या पुढेमागेच मुंबईहून कोल्हापूरला जाणारी कोयना देहूरोडवरून जाते. पहिल्या आठवड्यात हे ध्यानात आले तेव्हा मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. दिवसभरात इतक्या गाड्या जातात, पण माझ्या गावाला उजेडी जाणारी, मला बघावीशी वाटणारी ती एकच. आणि तिची वेळ नेमकी हीच.

मी शाळेच्या फाटकाशी गेलो. घंटा व्हायच्या आधी दहा मिनिटे गेलो. तेव्हापासून रोज जातो. आता तो तिसरीत आहे. आजपर्यंत एक दिवस उशीर केलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जुने देणे फेडायला काढले म्हणजे हप्ता चुकवून चालत नाही. शाळेपासून रूळ फार लांब नाही. वारा या बाजूचा असला की भोंगा ऐकू येतो. इंजिन दिसत नाही, नंबर कळत नाही. कळते एवढेच, की गाडी कोल्हापूरला चालली.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. थोरल्याने मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. डोके निमुळते. नातू म्हणतो, आबा, आपण तिच्यात बसून आत्याकडे जाऊ. जाऊ कधी तरी. भाडे जमले की जाऊ.

रविवारी शाळा नसते. मग आम्ही दोघे देहूरोडच्या फलाटावर जातो. पाचवी वही सुरू झाली आहे. अक्षर नातवाचे आहे. डबे तो मोजतो, चुकतो, मी दुरुस्त करतो. परवा मी ती वही चाळली तर एका पानावर त्याने गाड्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहून ठेवली होती, "शाळा सुटली. आबा वेळेवर."

आणि फोन चुकत नाही. दुपारी भोंगा ऐकला की फाटकाशी उभ्या उभ्याच मी जयसिंगपूरला लेकीला लावतो आणि सांगतो, "कोयना गेली गं हितनं." संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर तिचा फोन येतो. मागे गाडीचा खडखडाट असतो, त्यात तिचे शब्द अर्धे बुडतात. तरी मला कळते ती काय म्हणते ते.

"आबा, आली बघा तुमची गाडी."